तोफ नंतर मिळेल: तुर्भ्याला करून घेतलेलं एक जहाज

आधी हिशेब मांडतो, म्हणजे ज्यांना गोष्टीत रस नाही त्यांना इथेच उतरता येईल. जहाजाच्या मॉडेलची लांबी 53 सेंटिमीटर, रुंदी 7, प्रमाण 1:100. अॅक्रिलिकच्या पेटीसकट 26,500 रुपये, जीएसटी वर. निम्मे आगाऊ, निम्मे माल ताब्यात घेताना. मुदत सांगितली पाच आठवड्यांची, लागले साडेनऊ. पाचपैकी साडेतीन देतो. एक गेला पंख्याचा (म्हणजे प्रोपेलरचा), अर्धा तोफेचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण चुका लिहिणार आहे आणि त्या त्यांनी फारशी कुरकुर न करता निस्तरल्याही आहेत. ज्याला काम करून घ्यायचंय तो तुर्भ्याला उतरून शोधून काढेलच.

दुकान म्हणजे तरी काय, एमआयडीसीतला पहिल्या मजल्यावरचा गाळा. नेरुळहून ठाण्याची लोकल धरायची, जुईनगर गेलं की तुर्भे. खाली पॅकिंगच्या खोक्यांचं काम चालतं, त्यामुळे जिना निम्मा पुठ्ठ्यांनी भरलेला. यांचा मूळ धंदा बिल्डरांच्या इमारतींची मॉडेलं. आत शिरलो तेव्हा खारघरचा अख्खा कॉम्प्लेक्स एका टेबलावर होता: स्पंजची झाडं, निळ्या अॅक्रिलिकचा पोहण्याचा तलाव, नखाएवढ्या गाड्या, आणि रस्त्यात एकही खड्डा नाही. बेलापूरच्या शिपिंग ऑफिसांसाठी अधूनमधून जहाजंही करतात, निरोप समारंभात द्यायला. माझ्याकडे तसला एक टँकर आहे, कंपनीने दिलेला. त्यावर कंपनीचं नाव जहाजाच्या नावापेक्षा मोठं आहे.

मालकीणबाई आर्किटेक्चरचा डिप्लोमा झालेल्या, पस्तिशीच्या. त्यांनी विचारलं, "कुठलं जहाज, सर? कंटेनर की बल्क?" म्हटलं, युद्धनौका. 450 टनी. दक्षिण कोरियाची पहिली. त्यांनी वहीत लिहिलं, "छोटी नेव्ही बोट".

बरोबरच आहे म्हणा. छोटीच होती.

ही बोट मला कशी माहीत ते सांगतो. बत्तीस वर्षं बोटींवर काढली, शेवटची चौदा चीफ इंजिनिअर म्हणून. 2006 मध्ये आमच्या कंपनीचं एक जहाज दक्षिण कोरियातल्या उल्सानच्या यार्डात बांधलं जात होतं आणि मालकाच्या बाजूने मशिनरी तपासायला मी तिथे अकरा महिने होतो. त्या जूनमध्ये यार्डाच्या दुसऱ्या टोकाला एक पाणबुडी पाण्यात उतरवली. आम्हा परक्यांना त्या बाजूला फिरकू देत नव्हते, पण बँडचा आवाज कँटीनपर्यंत येत होता. शेजारी बसलेल्या कोरियन इन्स्पेक्टरला पाणबुडीचं नाव विचारलं. म्हणाला, सोन वॉन-इल. हा कोण? म्हणाला, आमच्या नौदलाचा बाप; पुढे संरक्षणमंत्री झाला. एवढं बोलून तो पुन्हा किमचीकडे वळला.

मला वाटलं, असेल कोणी खानदानी अॅडमिरल. पुढच्या वसंतात चेरीचा बहर बघायला जिन्हेला गेलो. त्या उत्सवात तिथली नौदल अकादमी सगळ्यांना आत सोडते. लोक यी सुन-शिन या सोळाव्या शतकातल्या अॅडमिरलच्या कासव-जहाजाच्या प्रतिकृतीपुढे फोटो काढत होते. मी मात्र एका डोलकाठीपाशी अडकलो. जहाज नाही, नुसती डोलकाठी. बेकदुसान नावाच्या नौकेची. नौका 1959 मध्ये सेवेतून काढली आणि मोडीत घातली, पण काठी ठेवली. आपली जुनी विक्रांत 2014 मध्ये मुंबईच्या दारूखाना भागात कापायला घेतली तेव्हा मला ती काठी आठवत होती.

तर ही बेकदुसान, नंबर पीसी-701, हवी होती. अमेरिकन पीसी-461 वर्गाची (सबमरीन चेसर, म्हणजे पाणबुड्यांच्या मागे लागणाऱ्या बोटी) रेखाटनं आणि मिळाले तेवढे जुने फोटो पेनड्राइव्हवर दिले.

आता कामाबद्दल. हल, म्हणजे बोटीचं अंग, उत्तम. खरंच उत्तम. एमडीएफचे थर कापून एकावर एक चिकटवलेत, पुट्टी भरून घासलेत, आणि नाळेकडचा तो चाकूसारखा निमुळता आकार हाताला बरोबर लागतो. सबमरीन चेसरला पळावं लागतं, ती ढेरपोटी असून चालत नाही. रंग राखाडी, मॅट. बहुतेक लोक चमकदार ठोकून देतात आणि युद्धनौका फ्रिजसारखी दिसते. इथे तसं नाही. रेलिंग पितळी तारेचं, प्रत्येक खांब सरळ. डोलकाठीवर मी जास्त वेळ घालवला, आणि तीही चोख आहे.

मग मी मॉडेल उलटं केलं. इंजिनिअरला आधी खालची बाजू बघायची खोड असते. खाली एक पंखा. एकच. मधोमध.

या वर्गाच्या बोटीत दोन डिझेल इंजिनं, दोन शाफ्ट, दोन प्रोपेलर. रेखाटनात स्पष्ट दाखवलेलं. ज्या पोराने जुळवणी केली त्याला बोलावलं. तो बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा कोळी, बापाची मासेमारीची होडी आहे. म्हणाला, "काका, होरीला एकच आसतो पंखा." त्याने रेखाटन बघितलं होतं, पण दुसरा पंखा त्याला आरशातल्या प्रतिबिंबासारखा वाटला, म्हणजे तोच, पलीकडून दाखवलेला. मला राग यायला हवा होता. पण ज्याने जन्मभर एका पंख्याची होडी बघितली त्याने दुसरा का मानावा? तरी एक मार्क गेला. बाईंनी तपासून द्यायला हवं होतं.

आणि पुढच्या डेकवर जिथे तीन इंची तोफ हवी, तिथे भोक.

"तोफ नंतर मिलंल, काका," पोरगा म्हणाला. "रेझिनचा प्रिंटरवाला गावाला गेलाय."

मी हसत सुटलो. दोघांना कळेना. मग स्टूल ओढलं आणि बसलो, कारण हे सांगितल्याशिवाय राहवणं शक्य नव्हतं: खरी बोटसुद्धा तोफेशिवायच मिळाली होती.

सोन वॉन-इल जन्मला 1909 मध्ये, प्योंगयांगजवळ. बाप पाद्री आणि स्वातंत्र्य चळवळीतला मोठा माणूस. शांघायमधल्या कोरियन हंगामी सरकारच्या विधिमंडळाचा अध्यक्ष. (याच पाद्रीबुवांनी मांचुरियात एका तरुण पोराला आधार दिला होता. त्या पोराचं नाव किम इल-सुंग, उत्तर कोरियाचा पुढचा सर्वेसर्वा. पुढे पाद्रीबुवांचा मुलगा दक्षिणेचं नौदल उभारतो आणि आधार दिलेला पोरगा उत्तरेकडून चालून येतो. नाटकात घातलं तर प्रेक्षक म्हणतील, अती झालं.) मुलगा चीनमध्ये नौकानयन शिकला आणि जर्मन व्यापारी जहाजांवर फिरला. म्हणजे मूळचा आमच्यातला, मर्चंट नेव्हीचा. मला हा माणूस आवडण्याचं निम्मं कारण हेच आहे, ते लपवत नाही.

ऑगस्ट 1945 मध्ये जपान हरला आणि कोरिया त्याच्या ताब्यातून सुटला. कोरियाला सरकार नाही, सैन्य नाही, जहाज तर नाहीच. या माणसाने सोलच्या रस्त्यांवर कागद चिकटवले: समुद्राची राखण करायला माणसं हवी आहेत. आणि 11 नोव्हेंबर 1945 ला सत्तरेक जणांना घेऊन नौदलाची पहिली तुकडी उभी केली. तारीख मुद्दाम निवडलेली. चिनी लिपीत दहा म्हणजे अधिकचं चिन्ह, एक म्हणजे आडवी रेघ. दहाखाली एक लिहिला की जे अक्षर होतं त्याचा अर्थ सभ्य, सुशिक्षित पुरुष. अकरावा महिना, अकरावा दिवस, म्हणजे तेच अक्षर दोनदा. खलाशी म्हणजे दारू पिऊन बंदरात दंगा करणारा, ही समजूत जगात सगळीकडे आहे, नेरुळच्या आमच्या सोसायटीतही आहे. या माणसाला ती पहिल्या दिवशीच पुसायची होती.

चार वर्षांनी, 1949 मध्येही, हाताशी जपानी आणि अमेरिकी उरलेसुरले सुरुंगशोधक वगैरेच होते. तोफ असलेली एकही लढाऊ नौका नाही. सरकारकडे पैसा नाही. तेव्हा याने वर्गणी काढली. गणपतीची काढतात तशी, फक्त इथे पावतीपुस्तक घेऊन दारात कोणी येत नव्हतं, पगारातूनच कापून घेत. अधिकाऱ्यांचे दहा टक्के, पेटी ऑफिसरांचे सात, खलाशांचे पाच, दर महिन्याला.

इथे पोराने मला थांबवलं. "सगल्यांचा कापला? साहेबाचा पन?"

साहेबाचा सगळ्यात जास्त, म्हटलं.

त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी लॅपटॉपकडे.

नौदलातल्यांच्या बायकाही उतरल्या. शिवणकाम, विणकाम, कपडे धुऊन देणं, मिळेल ते. त्यात सोनची बायको हाँग उन-हे पुढे होती. ती संगीत शिकलेली. नौदलाच्या एका गाण्याचे शब्द याचे आणि चाल तिची. हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या हिने एकच प्रश्न विचारला: "आणि पाणबुडीला नाव कोणाचं?" मी विषय बदलला.

असे जमले अमेरिकी 15,000 डॉलर. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी सरकारातून 45,000 घातले. साठ हजार घेऊन सोन स्वतः अमेरिकेला गेला. बोट मिळाली ती न्यूयॉर्कजवळच्या मर्चंट मरीन अकॅडमीचं प्रशिक्षण जहाज म्हणून वापरलेली, युद्धातून निवृत्त, हत्यारं उतरवलेली. किंमत 18,000 डॉलर. आमच्या घरापासून चालत गेलं की करावेला टी. एस. चाणक्य ही मर्चंट नेव्हीची प्रशिक्षण संस्था आहे, पांढऱ्या गणवेशातली पोरं रविवारी सीवूड्सच्या मॉलमध्ये दिसतात. तसल्या पोरांनी घासून घासून झिजवलेली बोट समजा. पंधरा-एक कोरियन खलाशांनी ती दोन महिने खरवडली, रंगवली, इंजिनं सुरू केली. यार्डाला बिल द्यायला पैसे नव्हते असं नाही, पण उरलेल्या पैशांवर याचा डोळा होता. त्यातून याने आणखी तीन बोटी घेतल्या. खरेदी विभागात काम केलेल्या कोणालाही विचारा, हा आकडा ऐकून तो उठून उभा राहील.

26 डिसेंबर 1949 ला बोटीवर झेंडा चढला. पनामा कालव्यातून हवाई. तिथे तीन इंची तोफ बसवली. मग ग्वाम, तिथे गोळे घेतले. शंभर. पैसे संपले. एप्रिल 1950 मध्ये बोट जिन्हेला पोचली. शंभर गोळ्यांत सराव काय करणार? लाकडाचे गोळे करून भरण्या-काढण्याचा सराव केला.

आणि जूनच्या 25 तारखेला उत्तर कोरियाचा हल्ला, युद्ध.

त्या रात्री बुसानच्या ईशान्येला, समुद्रात, बेकदुसानला एक हजार टनी जहाज दिसलं. झेंडा नाही, नाव नाही, खुणेला उत्तर नाही. जवळ जाऊन प्रकाशझोत टाकला तर डेकवर सैनिक दाटीवाटीने. सुमारे सहाशे. बुसानमध्ये तेव्हा त्यांना अडवायला जवळपास कोणी नव्हतं. मध्यरात्रीनंतर बेकदुसानच्या तोफेने ते जहाज बुडवलं. बेकदुसानचे दोन खलाशी गेले. पुढच्या आठवड्यांत जवळपास सगळा देश हातचा गेला तेव्हा मदत उतरवायला जे मोठं बंदर शिल्लक होतं ते बुसान.

सोन मात्र तिथे नव्हता. उरलेल्या तीन बोटी घेऊन तो अजून परतीच्या वाटेवर होता, हवाईत. वर्गणी त्याने काढली, बोट त्याने निवडली, आणि तिची एकमेव मोठी रात्र त्याने ऐकली फक्त. मला यातला हा भाग सगळ्यात जास्त लागतो. यार्डात जहाज बांधून घेणारा माणूस ते चालवायला कधीच नसतो, मला विचारा.

पोरगा म्हणाला, "मंग तोफ लावाया पायजे, काका. अशी नको न्यायला." आणि त्याने मॉडेल माझ्याकडून परत घेतलं.

मंत्रिपदाचं थोडक्यात सांगतो, कारण गाळ्यातही मी थोडक्यातच सांगितलं. पाचची शिफ्ट सुटत होती. सप्टेंबर 1950 मध्ये इंचॉनच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं तेव्हा सोन बरोबर होता, सैन्यासोबत सोलपर्यंत गेला. 30 जून 1953 ला संरक्षणमंत्री झाला. 27 जुलैला युद्धविराम. म्हणजे खुर्चीवर महिना पुरा व्हायच्या आत बंदुका थांबल्या, आणि त्याही अशा करारावर ज्यावर त्याच्याच देशाने सही केली नाही, कारण री यांना तो मान्य नव्हता. ऑक्टोबरात अमेरिकेशी संरक्षण करार. 1955 मध्ये सोलला दोंगजाकची सैनिकी दफनभूमी झाली. तो स्वतः आज तिथेच आहे. मे 1956 ला पायउतार, 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत राजदूत. 1980 मध्ये गेला.

आपल्याकडे नौदलातला अधिकारी संरक्षणमंत्री झाल्याचं एकही उदाहरण नाही. यशवंतराव चव्हाण 1962 मध्ये दिल्लीला गेले तेव्हा ते मुख्यमंत्रिपदावरून, राजकारणातून. आपली रीतच ती आणि मला ती बरी वाटते. कोरियात लष्करातले जनरल मंत्री होणं नेहमीचं, नौदलातले मोजके. मी उल्सानला होतो तेव्हाचे मंत्री युन ग्वांग-उंग हेही योगायोगाने नौदलातलेच. पण खरं सांगू, मंत्री सोनपेक्षा मला वर्गणीवाला सोन मोठा वाटतो. मंत्र्याला बजेट असतं.

तर पुन्हा दुकानाकडे. दुसरी खेप दोन आठवड्यांनी. पंखे दोन झाले होते, शाफ्टच्या ब्रॅकेटसकट, आणि सुकाणूही नीट बसवलं होतं. जुन्या पंख्याचं भोक बुजवलेली जागा दिव्याखाली धरली तर दिसते, एरवी नाही. तोफ अजूनही नाही. प्रिंटरवाला गावाहून आला होता, पण आता बिल्डरची ऑर्डर पुढे होती. हे मला खटकलं. 26,500 रुपये देणारं गिऱ्हाईक छोटं असेल, पण आधी आलेलं होतं. बाईंना तसं बोललो. त्यांनी वाद घातला नाही, चहा मागवला. चहा चांगला होता, हे नोंदवायला हवं.

तिसऱ्या खेपेला तोफ बसली. काडेपेटीच्या काडीएवढी नळी, मागे ढाल. आणि पोराने न सांगता एक गोष्ट केली होती. तोफेमागे डेकवर एक उघडी पेटी, त्यात मोहरीएवढे गोळे. पिवळट लाकडाचे. रंगवलेले नाहीत. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "सरावाचे." टूथपिक कापून केलेले. बाईंना हे माहीत नव्हतं, बिलात नव्हतं.

मी साडेतीनवरच थांबतोय, कारण साडेनऊ आठवडे ते साडेनऊ आठवडे. त्या टूथपिकांना मार्क द्यायचे तर वेगळं कोष्टक काढावं लागेल.

कोणी ऑर्डर देणार असेल तर चार गोष्टी. रेखाटन द्या, पण त्यावर लाल पेनाने आकडे लिहा: पंखे किती, तोफा किती, नांगर किती. पेटीचा तळ प्लायचा मागा, ते एमडीएफ देतात आणि पावसाळ्यात तो फुगतो. माझा बदलून घेतला, 600 रुपये जास्त. घरपोच पाठवतो म्हणाले तर नको म्हणा, स्वतः जा. मी लोकलने आणलं, दुपारी अडीचला, मांडीवर. सानपाड्याच्या पुलाखाली गाडी थांबली तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले, "शाळेचं प्रोजेक्ट का?" मी हो म्हटलं. आणि नंबर लिहायला सांगताना समोर उभे राहा. एका बाजूला 701 आणि दुसऱ्या बाजूला 107 येता येता वाचलंय.

जहाज आता दिवाणखान्यात, कंपनीच्या टँकरशेजारी. टँकर दोनदा हलवावा लागला. हिने पेटीवर विणलेला रुमाल टाकला होता, तो मी काढला, तिने परत टाकला, आता तो मागच्या बाजूला अर्धा आहे.

पुढची ऑर्डरही देऊन आलोय. पाणबुडी सोन वॉन-इल, जर्मन आराखड्याची, 65 मीटर, त्याच प्रमाणात म्हणजे 65 सेंटिमीटर. पोराने वही उघडली, लाल पेन काढलं आणि विचारलं, "काका, पंखे किती?"

एक, म्हटलं.

त्याने वर बघितलं. मग पुन्हा विचारलं. मी रेखाटन काढून दाखवलं तेव्हाच त्याने तो आकडा लिहिला.